म्हशीच्या फिल्मवर लग्नाचा फोटो

आमच्या लग्नाला या डिसेंबरात चाळीस वर्षं झाली, पण ते झालं होतं याचा डोळ्यांना दिसेल असा पुरावा घरात नव्हता. चर्चच्या दप्तरात नोंद आहे, सरकारी दप्तरातही आहे, आणि ती नीट लावलेली आहे हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण त्याच कचेरीत माझी सगळी नोकरी गेली. पण फोटो नव्हता. मडगावहून आलेल्या फोटोग्राफरने दिवसभर आम्हाला माना वळवायला लावल्या, पियेदादच्या डोक्यावरची जाळी पुन्हा पुन्हा सारखी केली, आणि आठवड्याने येऊन सांगितलं की फिल्मवर काहीच उमटलं नाही. बिचारा पैसे परत घेऊन आला होता, वर बिस्किटांचा डबाही. पियेदादने त्याला चहा दिला, त्याचीच समजूत घातली आणि तो गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला हे ठाऊक आहे, हे तिला अजून ठाऊक नाही.

आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, कुणाच्याही घरी जा, बैठकीत समोरच नवरा-नवरी टांगलेले असतात. नवऱ्याच्या चेहऱ्यावर नुकताच ताप उतरल्यासारखा भाव, नवरीच्या हातात कागदी फुलं. पियेदाद प्रत्येक घरी तो फोटो बघते, छान आहे म्हणते आणि दुसरा विषय काढते. बायकोने असा विषय बदलला की नवऱ्याने काय ते समजावं. मला समजायला चाळीस वर्षं लागली. सरकारी नोकरीच्या मानाने हे लवकरच झालं म्हणायचं.

म्हणून मी ठरवलं की आपल्या लग्नाचा फोटो आपणच काढायचा, आणि इतरांच्या भिंतींवरचे फोटो ज्या जातीच्या कॅमेऱ्याने काढले आहेत त्याच जातीच्या कॅमेऱ्याने काढायचा. फोनवर फोटो निघतात हे मलाही माहीत आहे. पण फोनवरचा फोटो फोनमध्येच राहतो आणि फोनबरोबर एक दिवस पाण्यात पडतो. मडगावातला एक जुना स्टुडिओ बंद होत होता. तिथे लाकडी पेटीचा, काळ्या चामडी भात्याचा कॅमेरा मिळाला. तीन पायांची घोडी आणि फोटो पक्का करणाऱ्या हायपोची पुडकी वर फुकट. परतताना बसच्या कंडक्टरने पेटीचं अर्धं तिकीट लावलं आणि वरून तिला उभं राहायला सांगितलं.

घराच्या दारात आमचं बाल्कांव आहे, म्हणजे समोरासमोर दोन दगडी बाकं. ती आमच्या मालकीची असली तरी त्यांवर शेजारचा सांतान बसतो. सांतानने तीस वर्षं बोटीवर स्वयंपाक केला आहे, त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीविषयी त्याला माहिती असते, आणि ती तो न विचारता देतो.

"पात्रांव, कोण गेलं?" त्याने पेटी बघून विचारलं. "शवपेटी लहानच दिसते."

पात्रांव म्हणजे मालक, पण तो ते चिडवायला म्हणतो. मी घोडी उभी केली, कॅमेरा चढवला, काळं कापड डोक्यावरून घेतलं आणि मागच्या घासलेल्या काचेवर पाहिलं. समोर तुळईला वटवाघूळ लटकावं तशी पियेदाद उलटी उभी होती, हातात झाडू, डोकं खाली. या कॅमेऱ्यांत असंच दिसतं, पण सांतानने कापडात डोकं खुपसलं आणि जाहीर केलं की कॅमेरा बिघडलेला आहे, मी फसलो आहे.

"तुझी बायको उलटी दिसते, अवेलीन!"

"दिसू दे," पियेदाद झाडता झाडता म्हणाली. "सरळ बघून चाळीस वर्षांत काही कळलं नाही. उलटं बघून कळलं तर बरंच आहे."

खरी अडचण फिल्मची होती. एवढ्या मोठ्या, वहीच्या पानाएवढ्या फिल्मा परदेशातून मागवायच्या म्हणजे माझं पेन्शन. इंटरनेटवर एक म्हातारा आहे, तो म्हणाला, एक्स-रेची फिल्म चालते. तिला लाल उजेड दिसतच नाही, त्यामुळे लाल दिवा लावून आरामात काम करता येतं. मी मडगावात एक्स-रेचं सामान विकणाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, डॉक्टरचं पत्र आणा. आणलं. म्हणाला, यावर शिक्का नाही. शिक्का आणला, तर म्हणाला, साहेब जेवायला गेलेत, उद्या या. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना उद्या या म्हणून सांगितलं, त्याला कुणी उद्या या म्हटलं की काय होतं, हे मी इथे लिहीत नाही. आमच्या कचेरीत निदान हे वाक्य नम्रपणे म्हणायची पद्धत होती.

शेवटी आमचे गुरांचे डॉक्टर इनास देवासारखे भेटले. त्यांच्याकडे मुदत उलटलेल्या थोड्या फिल्मा पडून होत्या. फक्त प्रत्येक फिल्म कुठल्या जनावरावर खर्च झाली हे रजिस्टरात लिहावं लागतं.

"म्हैस लिहितो," डॉक्टर म्हणाले. "पाय मोडला. मालक अवेलीन. म्हशीचं नाव?"

माणसाला असं अचानक नाव विचारलं की जे तोंडात बसलेलं असतं तेच बाहेर येतं. माझ्या तोंडात चाळीस वर्षं एकच नाव बसलेलं आहे. डॉक्टरांनी ते लिहूनही टाकलं. मी फिल्मा काखेत मारून घरी पोचायच्या आत डॉक्टरांच्या कंपाउंडरने ते दारूच्या तावेर्नात सांगितलं होतं, आणि तिथून ते वाड्यावर यायला कितीसा वेळ लागतो.

पियेदाद दारातच उभी होती. "पाय कसा आहे माझा?" तिने विचारलं.

त्या रात्री मला जेवायला मिळालं, पण कुणी वाढलं नाही. वाड्यावरच्या सर्वांत वडीलधाऱ्या केरूबीन तियाने तर दुसऱ्या दिवशीच्या लादाईनीत, म्हणजे प्रार्थनेत, आमच्या म्हशीच्या पायासाठी खास मागणं मागितलं. दूध सोसायटीचा माणूस येऊन गोठा कुठे आहे ते बघून गेला.

आता फिल्म धुणं. इंटरनेटवरच्या म्हाताऱ्याचं म्हणणं असं की कॉफीची पूड, कपडे धुण्याचा सोडा आणि सर्दीवर घेतात त्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्या पाण्यात कालवल्या की त्यात फिल्मवर चित्र उमटतं. मग ती व्हिनेगरमध्ये बुडवली की उमटणं थांबतं, आणि शेवटी हायपोत ठेवली की चित्र पक्कं होतं. सगळं घरातलंच सामान, मला तर हा आपल्या गोंयकारांसाठीच काढलेला शोध वाटला. फक्त कॉफी आणि सोडा एकत्र आले की जो वास सुटतो तो म्हाताऱ्याने सांगितला नव्हता.

"उंदीर मेलाय की तू?" पियेदादने बाहेरून विचारलं.

वासाचं तिने सोडून दिलं. पण व्हिनेगरचं नाही. ते माडाच्या सुरेचं, तिने स्वतः आंबवलेलं, चर्चच्या फेस्ताला रांधायच्या डुकराच्या सोरपोतेलसाठी दोन वर्षं कोपऱ्यात जपलेलं व्हिनेगर होतं. मी त्यात फिल्म बुडवली हे कळल्यावर तिने बरणीचं झाकण घट्ट लावलं आणि ती म्हणाली, "फोटो तरी चांगला येऊ दे म्हणजे झालं." त्या एका वाक्याने माझी झोप उडाली. तोवर मला वाटत होतं की हा माझा छंद आहे आणि ती तो सहन करते आहे. ती वाट बघत होती.

पहिली फिल्म मी वाटेवरच्या खुरसावर खर्च केली, कारण दगडी क्रूस हलत नाही आणि सल्लाही देत नाही. चित्र उमटलं. निगेटिव्हच ते, त्यामुळे पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं, पण खुरीस स्वच्छ दिसत होता. सांतानने त्यावर फोन धरला, फोनने ते सुलटं केलं, आणि आम्ही दोघंही बघतच राहिलो. आभाळातून एक पांढराशुभ्र किरण थेट खुरसावर उतरला होता.

मी काही म्हणायच्या आत सांतानने तो वाड्याच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी खुरसाला मेणबत्त्यांची ओळ, झेंडूच्या माळा, आणि केरूबीन तिया गुडघ्यांवर. तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे, तरी. पलीकडच्या वाड्यावरून रिक्षा यायला लागल्या, तेव्हा पाद्री स्वतः आमच्या घरी आले. त्यांनी कॅमेरा उघडला, भात्यात टॉर्च लावला, बाहेरून बघितलं आणि उसासा सोडला.

"अवेलीन, चमत्कार भात्याच्या तिसऱ्या घडीत आहे," ते म्हणाले. "चिकटपट्टी लाव."

मी लावली. पण तिया दुखावली. चारचौघांत तिचं हसं झालं आणि ते माझ्यामुळे. "भोक असेल," ती पियेदादला म्हणाली. "पण भोकातून कोण आलं ते पाद्रीला काय ठाऊक? तुझ्या नवऱ्याला सांग, देवाच्या वस्तूंपासून ती पेटी लांब ठेव." त्यानंतर मी वाटेत दिसलो की ती रोझरीचे मणी जरा जोरात ओढायची.

लग्नाच्या वाढदिवशी दुपारी आम्ही बाल्कांवावर बसलो. पियेदादने पुतण्याच्या लग्नातला गडद तांबडा पोशाख घातला. मी पांढरी विजार आणि पांढरा सदरा, कारण सांतानच्या मते बोटीवर कप्तान असाच फोटो काढतो. दोघांचीही डोकी पांढरी. सुटातच बसायचं माझ्या मनात होतं, पण सुटाने गेल्या काही वर्षांत मला आत घ्यायचं बंद केलं आहे. मी फोटोत असल्यामुळे भिंगावरचं झाकण काढून पुन्हा लावायचं काम सांतानकडे.

आदल्या दोन दिवशी तालीम केली, तेव्हा पहिल्या वेळी मी फिल्मपुढची पाटी काढायलाच विसरलो होतो. दुसऱ्या वेळी सांतानला बाकावर बसवून तपासलेल्या फिल्मवरच आमचं चित्र घेतलं गेलं, आणि रात्री धुतल्यावर पियेदादच्या पोटात सांतान बसलेला दिसला. तो तिने लगेच फाडला. आता डॉक्टरांची एकच फिल्म उरली होती, आणि म्हशीचा दुसरा पाय मोडायची माझी हिंमत नव्हती.

"ही गेली तर राहू दे," पियेदाद हळूच म्हणाली. "नशिबात नसतं एखाद्याच्या."

तिने हे हसत म्हटलं. मी सांतानला बजावलं: झाकण काढ, मनात तीन मोज, झाकण लाव, तोंड उघडू नकोस. त्याने झाकण काढलं. त्याच क्षणी वळणावर पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला. सांतान झाकण हातात घेऊन वळला आणि ओरडला, "दोन उंडे ठेव रे, काल करपलेले दिलेस!" मी तोंड उघडून "झाकण!" म्हणून किंचाळलो. पियेदाद मात्र ओठ मिटून, हसू दाबून, अजिबात न हलता बसून राहिली. चाळीस वर्षं माझ्याबरोबर काढल्यावर माणसाला ते जमतं.

दिवेलागणीला मी कोठारात शिरलो. आमच्या घरात खिडकी नसलेली ती एकच खोली. डोक्यावर चोरिसांच्या, म्हणजे डुकराच्या सॉसेजच्या, माळा, समोर तीन परातींत कॉफी, व्हिनेगर आणि हायपो, आणि नाताळच्या कंदिलातला लाल दिवा. अडचण एवढीच की जुन्या घरातल्या आतल्या भिंती कौलांपर्यंत जात नाहीत, त्यामुळे बैठकीत दिवा लावला की उजेड वरून कोठारात सांडतो. म्हणून घरातले सगळे दिवे मालवले होते आणि पियेदाद अंधारात दाराबाहेर खुर्ची टाकून राखण करत होती. वेळ बघायला तिचा फोन मी आत आणला होता आणि आवाज बंद करून, उजेड पडू नये म्हणून रुमालात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवला होता. मग वेळ कशी बघणार, हा प्रश्न मला नंतर सुचला.

मी फिल्म कॉफीत सोडली आणि परात हलवायला लागलो. आणि लांबून फिडल ऐकू आलं.

या दिवसांत आमच्या वाड्यावर सायबीण घरोघर जाते. मातेची मूर्ती आज एका घरी, उद्या मिरवत पुढच्या घरी, मग तिथे लादाईन, उकडलेले चणे, फेणीचा पेला. आमची पाळी उद्या होती. पण आज ज्यांची पाळी होती त्या पलीकडच्या घरचे लोक विमान पकडायचं म्हणून आजच निघाले, त्यामुळे सायबीण एक दिवस आधी आमच्याकडे येणार होती. हे कळवायला केरूबीन तियाने पियेदादला दिवेलागणीपासून फोन लावले होते. ते सगळे पिठाच्या डब्यात पडले होते.

फिडल अंगणात आलं. मग बाल्कांवावर. भिंतीच्या वरून पिवळा उजेड कौलांवर सरकायला लागला. चाळीस माणसं, चाळीस मेणबत्त्या.

"दिवे विझवा!" मी आतून ओरडलो. "सगळे दिवे विझवा!"

फिडल थांबलं. कुणी तरी चोर म्हणालं, कुणी झटका आला म्हणालं, आणि सांतान, ज्याला सगळं ठाऊक होतं, तो नेमका आज गप्प बसला.

"सायबीण दारात आहे," तियाचा आवाज आला, थंड. "साठ वर्षं मी तिला घरोघर नेते. आजवर कुणी तिच्यासमोर दिवा विझवायला सांगितलं नाही. आत काय चाललंय, पियेदाद? पुन्हा ती पेटी?"

मी परात हलवत होतो आणि कौलांकडे बघत होतो. बाहेर गेलो तर फिल्म जाते, न जावं तर घरचा मालक सायबिणीला सामोरा गेला नाही म्हणून जन्मभर ऐकायचं. आणि मग मला पियेदादचा आवाज ऐकू आला. ती कधी मोठ्याने बोलत नाही.

"तिया," ती म्हणाली, "आत माझ्या लग्नाचा फोटो आहे."

तिच्या लग्नाचा फोटोच नाही, ही गोष्ट वाड्यावर सर्वांना माहीत होती, आणि चाळीस वर्षांत कुणी तिच्यासमोर काढली नव्हती.

मग एक फुंकर ऐकू आली. म्हाताऱ्या माणसाची, दोनदा मारावी लागलेली. "विझवा रे," तिया म्हणाली. "ऐकू नाही येत? सायबिणीला काय मेणबत्तीची गरज आहे दिसायला?" आणि मग फुंकरांवर फुंकरा, आणि कौलं काळी झाली. फक्त मूर्तीसमोरच्या लाल काचेतला दिवा राहिला.

"तो लाल चालेल!" मी आतून ओरडलो. "तो असू दे!"

"ऐकलंस?" तिया मूर्तीला म्हणाली. "तुझा चालतो म्हणे."

त्यांनी त्या एवढ्याशा लाल उजेडात लादाईन म्हटली. पुस्तकं उघडून उपयोग नव्हता, सगळी पाठच म्हणत होती. फिडलवाला दोनदा चुकला. मी आत परात हलवत होतो, आणि जिथे सर्वांनी मिळून उत्तर द्यायचं असतं तिथे भिंतीआडून उत्तर देत होतो. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. कॉफीत पडू नये म्हणून मी मान वळवून धरली होती. लादाईन संपली तेव्हा फिल्म हायपोत होती, आणि मी हाक मारली की आता लावा दिवे.

मी ओली फिल्म दोन बोटांत धरून बाहेर आलो. अंगाला कॉफीचा, व्हिनेगरचा आणि चोरिसांचा वास. आधी सायबिणीसमोर गुडघे टेकले, मग पियेदादकडे वळलो. तियाने आपला पांढरा रुमाल पसरला, त्यामागे मेणबत्ती धरली, आणि मी फिल्म रुमालाला लावली.

"तिया, हे अजून उलटं आहे," मी घाईघाईने सांगायला लागलो. "निगेटिव्ह आहे. काळं ते पांढरं झालंय, पांढरं ते..."

आणि मी थांबलो. रुमालावर एक नवरी बसली होती. तांबडा पोशाख फिल्मला दिसलाच नव्हता. तो शुभ्र पांढरा उमटला होता, गळ्यापासून पायांपर्यंत. वरती काळेभोर केस. शेजारी काळ्या सुटात, काळ्या केसांचा एक तरणा नवरा, तोंड उघडं आणि दात कोळशासारखे काळे. सुरकुत्या कुठे गेल्या ते मला कळलं नाही. नवरी ओठ मिटून हसू दाबत होती.

"हा फोटो कधीचा?" तियाने विचारलं.

"आज दुपारचा."

"सायबिणीसमोर खोटं बोलू नकोस," ती म्हणाली, पण आवाजात राग नव्हता.

पियेदाद जवळ आली. तिने बोट पुढे केलं, पण लावलं नाही. मी म्हणालो, "हे वाळू दे. मग मी कागदावर सुलटं छापतो, म्हणजे आपण आहोत तसे दिसू."

"कशाला?" ती म्हणाली. "आहोत तसे रोज दिसतोच." आणि चाळीस माणसांसमोर, पहिल्यांदाच, ती रडली. मी तिचा हात धरला. माझी बोटं हायपोने चिकट झाली होती, तरी तिने सोडवून घेतला नाही. फिडलवाल्याने कुणी न सांगता लग्नातली चाल धरली, आणि सांतान चणे कुठे आहेत म्हणून विचारायला लागला.

ते निगेटिव्ह आता बैठकीतल्या शिंपल्यांच्या खिडकीला दोन काचांमध्ये लावलेलं आहे. सकाळी मागून ऊन आलं की बाई पांढरी आणि केस काळे दिसतात, संध्याकाळी काहीच दिसत नाही. घरी कुणी पाहुणे आले की पियेदाद त्यांना चहाच्या आधी खिडकीकडे नेते.

"आमच्या लग्नाचा फोटो," ती सांगते. "यायला जरा उशीर झाला."